रिपोर्ट साफ, तरी कॉलनीत कावीळ: पाण्याची तपासणी कुठून सुरू करायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. इंदूरला राजेंद्रनगरच्या पुढे, राऊच्या बाजूला तुमची 84 घरांची कॉलनी. एक बोरिंग, जमिनीतला एक हौद, एक उंच टाकी. हौदात बोरिंगचं पाणी पडतं आणि एक दिवसाआड शहराच्या लाइनीतून नर्मदेचंही पडतं. गेले तीन पावसाळे कॉलनीत कावीळ निघते, यंदा ऑगस्टमध्ये 11 जणांना झाली. दोनदा पाणी प्रयोगशाळेत दिलंत, दोन्ही वेळा ‘पिण्यास योग्य’ असा कागद हातात आला. समितीत आता दोन तट आहेत. काहींच्या मते पाणी ठीक आहे, पोरं बाहेरचं खातात म्हणून आजारी पडतात. काहींना कॉलनीसाठी मोठं आरओ यंत्र हवंय. तुम्ही विचारलंय की आपल्या पुरवठ्याची तपासणी आपणच करायची तर कशी करायची.

तपासणीच्याही आधी एक काम करा. कॉलनीत कुणी गरोदर असेल तर त्या घरात आजपासून पाणी खळखळून उकळूनच प्यायला सांगा. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत ‘ई’ प्रकार (हिपॅटायटिस ई) असतो. तो बाकीच्यांना बहुधा काही आठवडे अशक्तपणा देऊन जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर मृत्यूचं प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. समितीची बैठक होईपर्यंत यासाठी थांबू नका, घरोघरी जाऊन सांगा.

आता तुमच्या दोन रिपोर्टांकडे येतो. प्रयोगशाळेने दिलेला निकाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो त्या बाटलीतल्या पाण्याचा, त्या दिवसाचा, त्या तासाचा निकाल आहे. तुम्ही लिहिलंय की काविळीचे पेशंट दिसायला लागल्यावर, 20 ऑगस्टच्या सुमारास, बाटल्या भरल्या. इथेच सगळा घोळ आहे. ‘ए’ प्रकारची कावीळ पाणी पोटात गेल्यापासून दोन ते सात आठवड्यांनी दिसते, सरासरी चार. ‘ई’ प्रकारची दोन ते दहा आठवड्यांनी, सरासरी पाच-सहा. म्हणजे ऑगस्टच्या मध्याला डोळे पिवळे झालेल्या मुलाने ते वाईट पाणी बहुधा जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात प्यायलं. आपल्याकडे मान्सूनचा पहिला जोरदार पाऊस साधारण तेव्हाच होतो. तुम्ही बाटली भरलीत तोवर गटारं धुऊन निघाली होती, हौद कितीतरी वेळा भरून रिकामा झाला होता, आणि ज्या पाण्याने आजार दिला ते कधीच वाहून गेलं होतं.

म्हणून पहिलं साधन कागद आणि पेन. कॉलनीचा नकाशा काढा, बिल्डरचा जुना ले-आउट मिळाला तर उत्तमच. त्यावर प्रत्येक घर, बोरिंग, हौद, टाकी, पाण्याची लाइन, तिचे वॉल्व्ह, गटार आणि प्रत्येकाची सेप्टिक टँक दाखवा. मग तिन्ही वर्षांचे पेशंट घरोघरी विचारून त्या त्या घरावर ठिपक्याने दाखवा, आणि ठिपक्याशेजारी लक्षण दिसलं ती तारीख लिहा. तीन वर्षांना तीन रंग. ठिपके सगळ्या कॉलनीत सारखे पसरलेले असतील तर संशय बोरिंग, हौद आणि टाकीवर जातो, कारण त्यांचं पाणी सगळ्यांना मिळतं. एकाच गल्लीत किंवा लाइनीच्या एका टोकाला गोळा झाले असतील तर त्या लाइनीवर. आणि ठिपक्यांना काहीच मेळ नसेल, पण पेशंट एकाच शाळेतले किंवा एकाच लग्नाला गेलेले असतील, तर ‘बाहेरचं खातात’ म्हणणाऱ्यांचं ऐकायला हवं. हे काम दोन संध्याकाळींत होतं आणि यातून जे कळतं ते कुठल्याही यंत्रातून कळत नाही.

जंतूंचा रिपोर्ट साफ आणि तरी कावीळ, हे नवीन नाही. 1955च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेला पूर आला आणि शहराचं सांडपाणी वजिराबादला पाणी उचलायच्या जागेपर्यंत मागे सरकलं. तिथल्या लोकांनी ते ओळखून क्लोरीन वाढवला होता. त्यामुळे विषमज्वर, हगवण वाढली नाही. पण डिसेंबर 1955 ते जानेवारी 1956 या काळात 29 हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली. नेहमीची तपासणी बॅक्टेरिया मोजते. काविळीचे विषाणू क्लोरीनपुढे बॅक्टेरियांपेक्षा जास्त तग धरतात, आणि पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणाआड सुरक्षित राहतात. त्यामुळे ‘कोलिफॉर्म (मैल्याची खूण म्हणून मोजले जाणारे बॅक्टेरिया) आढळले नाहीत’ या ओळीवर सगळा भार टाकू नका. घाण कुठून आत येऊ शकते ती प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहणं, याला आमच्या कामात स्वच्छता-सर्वेक्षण म्हणतात, आणि छोट्या पुरवठ्यात प्रयोगशाळेपेक्षा त्याला मी जास्त वजन देतो.

सुरुवात पंप चालवणाऱ्यापासून करा. बहुतेक समित्या त्याच्याशी फक्त पगाराच्या दिवशी आणि पाणी आलं नाही त्या दिवशी बोलतात. त्याला शेजारी बसवा, चहा द्या, आणि ‘दादा, तुम्ही सकाळपासून काय काय करता ते सांगा’ एवढंच विचारा. कुठला वॉल्व्ह किती फेरे फिरवतो, कुठला फिरतच नाही, ब्लीचिंग पावडर कधी टाकतो, कशाने मोजतो, पावसात पाण्याचा रंग बदलतो का, कुठल्या चेंबरमध्ये पाणी साचतं. त्याला सगळं ठाऊक असतं. दोष देण्याच्या सुरात विचारलंत तर तो सगळं ठीक आहे म्हणेल आणि तुमची निम्मी तपासणी तिथेच संपेल.

मग बोरिंग. इंदूरची जमीन ध्यानात घ्या: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. बोरिंग करताना केसिंग पाइप फक्त माती-मुरमाच्या थरात घालतात. कातळ लागला की पुढे उघडं भोक असतं. कातळ अखंड नसतो, त्याला भेगा असतात, आणि एका लाव्हाच्या थरावर दुसरा थर बसलाय त्या सांध्यातून पाणी आडवं धावतं. वाळूच्या जमिनीत घाण पाणी गाळलं जातं, भेगेतून ते गाळलं जात नाही. सेप्टिक टँकपासून बोरिंग 15 मीटर लांब हवी हा ठोकताळा तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आपल्या कातळात त्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. पंचवीस मीटरवरची टँकही भेगेला लागून असेल तर पाणी बिघडवायला पुरेशी असते.

बोरिंगजवळ उभं राहून मी आधी खाली पाहतो. केसिंग जमिनीवर निदान एक-दीड फूट वर आलेलं आहे का, की फरशी घालताना कुणीतरी कापून सपाट केलंय? तोंडावर घट्ट टोपी आहे का, की फाटक्या पोत्याचा बोळा? केबल आणि पाइप जिथून आत जातात त्या भोकाभोवती फट आहे का? केसिंगच्या भोवती सिमेंटचा ओटा आहे का, त्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, केसिंग आणि खोदलेलं भोक यांच्यामधली पोकळी वरून सिमेंटने भरली होती का? ही पोकळी दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. ती रिकामी असेल तर पावसाचं पाणी केसिंगच्या बाहेरून सरळ खाली उतरतं. याची खूण अशी: जोरदार पाऊस झाल्यावर काही तासांतच बोरिंगचं पाणी गढूळ होतं. खोल बोरिंगचं पाणी पावसाच्या त्याच दिवशी रंग बदलत असेल तर तुमच्या पाण्याला जमिनीवरून थेट वाट आहे, एवढं नक्की समजा.

सेप्टिक टँकचा संशय असेल तर मिठाचा प्रयोग करता येतो. हातात धरायच्या टीडीएस मीटरने (तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) आठवडाभर रोज त्याच वेळी, पंप पंधरा मिनिटं चालल्यावर, बोरिंगचं पाणी मोजा आणि लिहून ठेवा. मग संशयित टँकमध्ये एक पोतं जाडं मीठ पाण्यात विरघळवून ओता आणि पुढचे दहा-बारा दिवस तीच नोंद चालू ठेवा. आकडा ठळक चढून पुन्हा उतरला तर जोड सापडला. चढला नाही तर जोड नाहीच असं मात्र सिद्ध होत नाही, पाणी हळू झिरपत असू शकतं. अशा वेळी नायट्रेट तपासून घ्या, मैल्याच्या पाण्यातून हा क्षार जमिनीत उतरतो. भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्राम आहे, पण मी मर्यादेपेक्षा शेजारच्या बोरिंगांशी तुलना करतो. आजूबाजूला 15 आणि तुमच्याकडे 40 असेल तर रिपोर्टवर ‘योग्य’ लिहिलेलं असलं तरी मला झोप लागणार नाही.

बोरिंग दुरुस्त केल्यावर ती निर्जंतुक करावी लागते. त्याचा हिशेब सोपा आहे. सहा इंची बोरिंगमध्ये मीटरमागे साधारण 18 लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ 60 मीटर असेल तर 1080 लिटर. लिटरला 50 मिलिग्राम क्लोरीन हवा म्हणजे 54 ग्रॅम, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन 25 टक्के धरला तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पावडर. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी बोरिंगमध्ये ओतायची, रात्रभर तशीच ठेवायची, आणि सकाळी वास जाईपर्यंत पंपाचं पाणी गटारात सोडायचं. पहिल्या पावसानंतर हे दरवर्षी करा. पण केसिंगची फट बुजवली नसेल तर याचा परिणाम पुढच्या सरीपर्यंतच टिकेल.

आता हौद. तुमच्या वर्णनावरून मला सगळ्यात जास्त संशय इथेच येतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हौद जमिनीत असतो, आणि काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देत आकसते. या ताणाने भिंतींना बारीक तडे जातात. उन्हाळ्यात त्या तड्यांतून हौदातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात भोवतालच्या जमिनीतलं पाणी हौदापेक्षा वर चढतं आणि त्याच तड्यांतून आत येतं. त्या जमिनीत जवळच गटार किंवा शोषखड्डा असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. याची परीक्षा फुकट आहे. भर पावसाळ्यात एका रात्री हौद निम्मा रिकामा करा, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या लाइनी बंद करा, भिंतीवर खडूने पाण्याची रेघ ओढा, सकाळी पाहा. सहा बाय चार मीटरच्या हौदात एक सेंटिमीटर म्हणजे 240 लिटर. रेघ पाण्याखाली गेली असेल तर रातोरात कुठून तरी पाणी आत आलंय. हीच परीक्षा मे महिन्यातही घ्या, तेव्हा पातळी उतरते का पाहा. दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

झाकण पाहा. झाकणाची कड जमिनीपासून चार-सहा इंच वर आहे का, झाकण तिच्यावर बसतं का तिच्या आत? आत बसणारं झाकण पावसाचं पाणी आणि चपलांची माती दोन्ही आत घेतं. हौदाची ओव्हरफ्लो पाइप कुठे जाते ते शेवटपर्यंत जाऊन पाहा. ती गटारात उतरवलेली असेल आणि पावसात गटार तुंबत असेल तर तीच पाइप गटाराचं पाणी हौदात आणते. तिचं तोंड गटाराच्या वर, मोकळ्या हवेत, जाळी लावून असायला हवं.

आणि नर्मदेची जोडणी. ती पाइप हौदात किती खोल उतरलीय? पाण्यात बुडालेली असेल तर आधी ती कापून कमाल पातळीच्या वर घ्या. नर्मदेची लाइन एक दिवसाआड येते, म्हणजे उरलेला वेळ ती रिकामी असते. लाइन उतरताना तिच्यात पोकळी होते, आणि बुडालेल्या पाइपमधून तुमच्या हौदाचं पाणी उलटं शहराच्या लाइनीत ओढलं जातं. तुमची घाण शेजारच्या कॉलनीला आणि त्यांची तुम्हाला, असा व्यवहार यातून चालतो. पाइपचं तोंड आणि पाणी यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवली की तो बंद होतो. खर्च एका प्लंबरच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा.

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्या. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळ जलूदला उचललं जातं, शुद्ध केलं जातं आणि पाचशे मीटरहून जास्त चढण चढून सत्तरेक किलोमीटरवरून इंदूरला येतं. 1978 साली ते पहिल्यांदा शहरात आलं तेव्हाचा आनंद मी पाहिलेला आहे, म्हणून त्या पाण्याबद्दल लोकांचा विश्वास मला कळतो. पण त्यातला क्लोरीन शहरापर्यंत पोचतानाच बराच खर्ची पडलेला असतो. तुमच्या हौदात बोरिंगच्या पाण्यात मिसळल्यावर उरलासुरलाही संपतो. ‘आमच्याकडे नर्मदा आहे’ हे वाक्य हौदाच्या झाकणापर्यंतच खरं आहे. त्यापुढे ते तुमचं पाणी आहे आणि त्यात क्लोरीन तुम्हालाच घालायचा आहे.

वाटपाच्या लाइनीबद्दल एक तत्त्व सांभाळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं: जिथून पाणी गळतं तिथूनच, दाब गेला की, घाण आत येते. तुमच्याकडे टाकीचा वॉल्व्ह सकाळ-संध्याकाळ तासभरच उघडतो. उरलेले बावीस तास लाइन रिकामी, आणि प्रत्येक गळका जोड त्या वेळात भोवतालचं पाणी आत घेतो. त्यात एखाद्याने नळालाच थेट मोटर लावलेली असेल तर लाइनीत चक्क चूषण होतं. मी कॉलनी चालत जातो तेव्हा हे पाहतो: वॉल्व्हचे चेंबर पाण्याने भरलेत का, कुठल्या घराची जोडणी गटारातून आडवी गेलीय, लोखंडी पाइप गटाराच्या पाण्यात कुठे गंजलीय, केबलसाठी रस्ता अलीकडे कुठे खणला होता, कोरड्या दिवसांतही कुठे गवत हिरवं आहे. लाइनीचं बंद टोक असेल तिथे गाळ साचतो, तिथे धुण्याचा वॉल्व्ह हवाच.

गळती किती आहे याचा अंदाज 200 लिटरच्या ड्रमने येतो. बोरिंगचा पंप ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोजा, रोजचे तास गुणा, नर्मदेचा हिशेब त्यात धरा. 84 घरांत 380 माणसं धरली आणि शहरी निकषाने माणशी 135 लिटर दिले तर रोज 51 हजार लिटर पुरतात. तुम्ही 80 हजार उपसत असाल तर उरलेलं कुठे जातं ते शोधा.

आता नमुना भरण्याबद्दल, आणि इथे मला एक जुनी चूक सांगायची आहे, कारण तुमच्याकडेही तीच झाली असावी. वीसेक वर्षांपूर्वी शहराच्या पश्चिम भागातल्या एका कॉलनीत मी तीनदा नमुने घेतले. नियमाप्रमाणे नळाचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीने भाजलं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडलं, मग निर्जंतुक बाटली भरली. तिन्ही वेळा पाणी साफ. तिसऱ्या वेळी एक आजी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे बाळा, तू येतोस तोवर घाण पाणी जाऊन चुकतं. पहिल्या बादलीला वास असतो. ती मी संडासात ओतते.’ दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी त्यांच्या नळाशी जाऊन बसलो. पाणी आलं ते फिकट मातकट, आणि त्याला वास होताच. पहिल्या बादलीचा नमुना चोवीस तासांत काळा पडला, दहा मिनिटांनंतरचा स्वच्छ राहिला. त्या आजी अनुभवी होत्या, त्या पहिली बादली ओतून देत. शेजारच्या घरात भाड्याने नुकतं आलेलं जोडपं तीच बादली माठात भरत होतं. वरच्या कोपऱ्यावर गटाराला चिकटून असलेल्या वॉल्व्हच्या चेंबरमध्ये दोष सापडला. त्याआधीच्या दोन रिपोर्टांवर माझी सही होती. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी दोन नमुने घेतो: वॉल्व्ह उघडल्यावर आलेलं अगदी पहिलं पाणी, आणि नियमाप्रमाणे सोडून घेतलेलं. दोघांत फरक असेल तर घाण वाटेत शिरते. दोन्ही वाईट असतील तर उगमात किंवा टाकीत.

तो नमुना ‘काळा पडला’ म्हणजे काय ते सांगतो, कारण ही परीक्षा तुम्हालाही करता येईल. एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड वायू) बाटली म्हणून मिळते. ही पद्धत 1982 साली आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि पुढे जगभर वापरात आली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं होतं. काही बोरिंगांत मुळातच गंधक असतं, तिथे ती उगाच काळी पडू शकते. आणि काळी पडली नाही म्हणून विषाणू नाहीत असंही नाही. पण एका पहाटे बारा नळांवर बारा बाटल्या भरून नकाशावर ठेवल्या तर काळ्या कुठे पडल्या ते पाहून लाइन स्वतःच बोलते. वापरलेल्या बाटल्यांत जंतू वाढलेले असतात, त्यात ब्लीचिंग घालून मगच संडासात ओता.

उंच टाकीबद्दल थोडक्यात. शिडीला कुलूप, झाकण घट्ट, हवेच्या नळीला जाळी, कबुतरं आणि पाली आत जाणार नाहीत एवढं पाहा. खाली गाळ किती साचलाय ते काठीने चाचपा. वर्षातून दोनदा धुवा, त्यातली एक वेळ पावसाळ्याच्या तोंडावर. आत उतरणारा माणूस एकटा नको, वर एक जण हवाच, आणि ब्लीचिंगचा वास कोंडलेला असताना कुणाला आत उतरवू नका.

क्लोरीनबद्दल मात्र मी आग्रही आहे. तुम्ही लिहिलंय की ‘अधूनमधून पावडर टाकतो’. अधूनमधून टाकलेली पावडर चव बिघडवते, संरक्षण देत नाही. रोज, मोजून, टाकायची. पावडर ताजी असताना तीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात दमट खोलीत पडून तो झपाट्याने उडतो आणि उरतो चुना. म्हणून छोटी बंद पाकिटं घ्या, तारीख पाहा. 20 हजार लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्राम द्यायचा तर 40 ग्रॅम क्लोरीन, 25 टक्के पावडरने 160 ग्रॅम. निवळी करून ओता, निदान अर्धा तास पाणी टाकीत राहू द्या, मग वॉल्व्ह उघडा. डोस बरोबर आहे की नाही हे टाकीवरून कळत नाही. शेवटच्या घराच्या नळाला, क्लोरीन मोजायच्या छोट्या पेटीने, लिटरला 0.2 मिलिग्राम मोकळा क्लोरीन दिसायला हवा. भारतीय मानकातला किमान आकडा तोच आहे. पिवळा रंग देणाऱ्या जुन्या द्रावणापेक्षा गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी घ्या, ती मोकळा क्लोरीन वेगळा दाखवते. टाकीजवळ 1 आणि शेवटच्या घरात शून्य आलं तर मधल्या लाइनीत क्लोरीन खाणारं काहीतरी आहे. तपासणीत मला सगळ्यात जास्त माहिती याच एका नोंदीने दिली आहे. वहीत रोज तीन घरांचे आकडे लिहा: पहिलं, मधलं, शेवटचं. एखाद्या सकाळी शेवटचा आकडा अचानक पडला, तर कावीळ दिसायच्या महिनाभर आधी तुम्हाला सूचना मिळालेली असेल.

वर्षातून एकदा रासायनिक तपासणी करून घ्या: कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, टीडीएस. आपल्याकडे बोरिंगचं पाणी जड असतंच. त्याने कुकरला थर बसतो, पण कावीळ त्यातून येत नाही, म्हणून त्यावर आता वेळ घालवू नका.

आरओबद्दल विचारलंत. आज घेऊ नका. मधोमध बसवलेल्या यंत्रातून शुद्ध झालेलं पाणी पुन्हा त्याच गळक्या लाइनीतून घरोघरी जाणार असेल तर पैसे मातीत गेले. लोकांनी कॅनने भरून न्यायचं ठरवलं, तरी दात घासायचं, भाजी धुवायचं, पोरांनी अंघोळीत तोंडात घ्यायचं पाणी नळाचंच राहील. शिवाय आरओ क्लोरीन काढून टाकतं, म्हणून त्यापुढची न धुतलेली कॅन हीच नवी घाण होते. त्याच पैशात हौदाला आतून जलरोधक गिलावा, नर्मदेच्या पाइपची उंची, बोरिंगचा ओटा, गटारातून गेलेल्या जोडण्या वर उचलणं आणि क्लोरीन सोडणारा छोटा डोसिंग पंप एवढं सगळं बहुधा बसेल. मी तुमच्या जागी असतो तर कामं याच क्रमाने घेतली असती, फक्त बुडालेली पाइप सगळ्यात आधी, उद्याच.

‘बाहेरचं खातात’ म्हणणाऱ्या सदस्यांना नकाशा काढायच्या कामात घ्या. तीन वर्षांचे ठिपके त्यांनी स्वतःच्या हाताने लावले की वाद बराच मिटतो. आणि त्यांचं खरं निघालं तर तेही कळायलाच हवं.

पाऊस अजून संपलेला नाही, तेव्हा हौदाची रात्रीची परीक्षा याच आठवड्यात घ्या. संध्याकाळी आणि सकाळी खडूच्या रेघेचा फोटो काढा. तो, ठिपक्यांचा नकाशा आणि पहाटेच्या पहिल्या पाण्याच्या बाटल्यांचा निकाल इथेच टाका. घरांची नावं नकोत, नंबर पुरे. वॉल्व्हच्या जागा दाखवायला विसरू नका. ते पाहून कुठे खणायचं ते मी सांगतो.